स्लॅबमधला पाईप गोलच का?

यवतमाळात मे महिन्यातली सर्वांत वाईट वेळ दुपारी दोनची नसते. दोनला कूलर चालू असतो, पडदे ओढलेले असतात आणि ऊन भिंतीपलीकडे आहे एवढा तरी दिलासा असतो. खरा जाच दिवेलागणीनंतरचा. बाहेर वारा सुटतो, माणसं ओट्यावर येऊन बसतात, आणि आत पाऊल टाकलं की डोक्यावरून धग येते. पंखा लावला तर तीच धग खाली येते. ‘स्लॅब तापलाय’ म्हणत कुणीतरी गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतून येतं. घटकाभर बरं वाटतं, पुन्हा तेच.

ही धग उशिरा का येते, याचं गणित दोनशे वर्षांपूर्वीच मांडून झालं आहे. नेपोलियनबरोबर इजिप्तच्या स्वारीवर गेलेल्या जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ मध्ये उष्णतेवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यातला मूळ नियम साधा आहे. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, आणि किती जाते हे तीन गोष्टींवर ठरतं: दोन बाजूंच्या तापमानातला फरक, मधल्या पदार्थाची वाहकता आणि मधलं अंतर. रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या उन्हाला हा नियम लावला की दिसतं, घन पदार्थात शिरणारी उष्णतेची लाट आत जाता जाता मागेही पडते आणि विरतेही. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबसाठी ढोबळ हिशेब केला तर लाट सुमारे साडेतीन तास मागे पडते, आणि वरच्या चढउतारातला चाळीस टक्के भाग खाली पोचतो. गच्ची दीड-दोनला सर्वाधिक तापते, म्हणजे छताची खालची बाजू पाच-साडेपाचला. उतरतेही ती तितक्याच सावकाश. जिल्ह्यातल्या जुन्या धाब्याच्या घरांवर लाकडी कड्यांवर फूटभर मातीचा थर असे. त्याच लाटेला त्यातून उतरायला नऊ-दहा तास लागतात, आणि शिल्लक राहतो जेमतेम आठ टक्के. माती गेली, स्लॅब आला. ढेकूण, गळती आणि दरवर्षीची डागडुजी गेली, हेही खरं. तरी उन्हाळ्यापुरता सौदा तोट्याचा झाला.

स्लॅबमध्ये उष्णता साठते तरी किती? दहा बाय बाराच्या खोलीवर पाच इंची स्लॅब म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास काँक्रीट. ते दहा अंशांनी तापलं तर त्यात जवळजवळ आठ युनिट उष्णता भरते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. ही उष्णता रात्रभर खोलीत उतरत राहते.

मग सरळ प्रश्न पडतो. स्लॅब ओतायच्या आधी सळयांच्या जाळीला पाईप बांधून टाकले आणि त्यातून थोडं गार पाणी फिरवलं, तर ही उष्णता वरच्या वर उचलता येईल का? येते. आणि त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ पकडला, पैनगंगा ओलांडून आदिलाबाद मागे टाकलं की तोच रस्ता हैदराबादला नेतो. शहराच्या पूर्वेला पोचारम इथे इन्फोसिसचं आवार आहे. तिथल्या एका कार्यालयाच्या इमारतीत अशी सोय २०११च्या सुमारास झाली, आणि ती करताना त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. इमारतीचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीची, पण उत्तम दर्जाची, गार हवा फिरवणारी वातानुकूलन यंत्रणा ठेवली. दुसऱ्या भागात स्लॅबमध्ये पाईप टाकले आणि श्वासापुरती ताजी, कोरडी केलेली हवा वेगळी दिली. ऊन तेच, माणसांचं काम तेच, छप्पर एकच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात पाईपवाल्या भागाला वातानुकूलनासाठी सुमारे ३४ टक्के कमी ऊर्जा लागल्याचं दिसलं. अशा दाव्यांमध्ये बहुतेकदा एका इमारतीची तुलना कागदावरच्या दुसऱ्या इमारतीशी केलेली असते. इथे दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून हा आकडा मला वजनदार वाटतो.

ही बचत होते कशी? पाण्यात उष्णता वाहून नेण्याची ताकद हवेपेक्षा प्रचंड जास्त. दहा बाय बाराच्या खोलीच्या छतातून जेवढी उष्णता काढायची, तेवढीला मिनिटाला तीन लिटरहूनही कमी पाणी पुरतं. हवेला त्यासाठी मोठे पंखे आणि मोठ्या नळकांड्या लागतात. दुसरं म्हणजे अख्खं छतच गार पृष्ठभाग झाल्यामुळे पाणी फार थंड असावं लागत नाही. सतरा-अठरा अंशांचं पाणी चालतं, आणि पाणी गार करणाऱ्या यंत्राला, म्हणजे चिलरला, ते सात अंशांपर्यंत ओढत बसावं लागत नाही.

आता पाईपच्या आकाराकडे येऊ. अभियांत्रिकीच्या पोरांना हा प्रश्न हटकून पडतो: पाईप गोलच का? चौकोनी, चपटा, चांदणीच्या आकाराचा पाईप स्लॅबमधून जास्त उष्णता ओढणार नाही का?

प्रश्न बावळट नाही. त्यावर विसाव्या शतकातल्या दोन मोठ्या गणितज्ञांनी डोकं चालवलं आहे. जॉर्ज पोल्या आणि गाबोर सेगो, दोघेही मूळचे हंगेरीचे, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकवणारे. १९५१ साली त्यांनी मिळून एक पुस्तक काढलं. त्याचा विषय एका वाक्यात सांगता येतो: कुठल्या आकारात कुठली भौतिक राशी सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठी असते. त्यातले दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की गंमत येते. पाईपच्या छेदाचं क्षेत्रफळ ठरवून दिलं, म्हणजे आत मावणारं पाणी ठरलेलं, तर भोवतालच्या घन पदार्थाशी उष्णतेची देवघेव करायला वर्तुळ हा सर्वांत वाईट आकार ठरतो. इतर कुठलाही आकार घ्या, तो वर्तुळापेक्षा जास्तच ओढेल. पण क्षेत्रफळाऐवजी परीघ ठरवून दिला, म्हणजे पाईप करायला लागणारा पत्रा ठरलेला, तर खाचाखोचा नसलेल्या सगळ्या आकारांमध्ये वर्तुळच सर्वांत चांगलं. तोच आकार, तीच उष्णता. काय मोजून पैसे द्यायचे त्यावर तो पहिला येतो किंवा शेवटचा.

मात्र पहिला-शेवटचा हा क्रम झाला. अंतर किती, ते बघायला आकडे लागतात, आणि तिथे सगळी हवाच निघून जाते. ज्या चौकोनी पाईपात गोल पाईपाइतकंच पाणी मावतं, तो बाहेरच्या काँक्रीटच्या दृष्टीने फक्त साडेचार टक्के जाड गोल पाईपासारखा वागतो. पाईप चेपून लंबवर्तुळ केला, रुंदी उंचीच्या चौपट, पण छेदाचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवलं, तर तो पंचवीस टक्के जाड गोल पाईपासारखा वागतो. ऐकायला भरघोस वाटतं. पण पाईपभोवतीच्या काँक्रीटचा रोध व्यासाच्या पटीत घटत नाही, तो व्यासाच्या लॉगॅरिथमच्या हिशेबाने घटतो. लॉगॅरिथम ही गणितातली सर्वांत कंजूस गोष्ट. व्यास दुप्पट करा, तिप्पट करा, ती हातावर चार दाणे ठेवते.

कारण असं. पाईपच्या अगदी लगत उष्णतेच्या वाटा दाटीवाटीने एकवटतात, आणि तिथे आकार जाणवतो. पण दोन-चार व्यास लांब गेलं की समान तापमानाच्या रेषा आपोआप गोलसर होतात. तिथल्या काँक्रीटला आतला पाईप गोल आहे की चौकोनी, हे कळायला काही मार्ग उरत नाही. वाटेतला बराचसा अडथळा तर त्या लांबच्या भागात असतो.

नेमका किती अडथळा कुठे आहे, हे एका खोलीपुरतं मांडून पाहू. पाईप नेहमीचा प्लास्टिकचा, बाहेरून २० मिलिमीटर, आतून १६. दोन पाईपांतलं अंतर १५० मिलिमीटर. छताच्या खालच्या बाजूपासून पाईपच्या मध्यापर्यंत ६० मिलिमीटर काँक्रीट. खोली २६ अंशांवर, पाणी सरासरी १८ अंशांवर, म्हणजे खोलीतल्या उष्णतेला पाण्यापर्यंत पोचताना ८ अंशांची उतरण मिळते. स्लॅबच्या वरच्या बाजूने उष्णता येत नाही असं तूर्त धरू. आता या ८ अंशांतले किती कुठे खर्च होतात? खोलीतून छताच्या पृष्ठभागापर्यंत यायलाच साडेचार अंशांहून अधिक. काँक्रीटमधून पाईपपर्यंत पावणेतीनच्या जवळपास. पाईपच्या प्लास्टिकच्या भिंतीतून पाऊण अंशाच्या आत. पाण्यात शिरताना नगण्य.

निम्म्याहून अधिक खर्च पाईपशी किंवा काँक्रीटशी संबंधितच नाही, हे या हिशेबातलं खरं धक्कादायक कलम. तो हवा आणि छत यांच्या सीमेवर होतो. आता तो चेपलेला लंबवर्तुळाकार पाईप घाला. काँक्रीटचा वाटा थोडा घटतो, आणि एकूण उष्णता वाढते दोन-अडीच टक्क्यांनी. त्यासाठी पाईपला लागणारं प्लास्टिक ३६ टक्के जास्त. पाणी संथ वाहत असेल तर ढकलायला लागणारा दाब दुपटीहून अधिक. चौकोनी पाईपचा फायदा तर एक टक्काही भरत नाही. आणि हे सगळं पाईप आपला आकार धरून राहिला तर. शेतात पसरायचा चपटा पाईप आपण बघतो. मोटार सुरू झाली की तो गोल होतो, कारण आतल्या दाबाला गोलच आकार मानवतो. चपटा पाईप आयुष्यभर दाबाशी भांडत राहणार. त्यात स्लॅब ओतायच्या दिवशी त्याच्यावरून घमेली घेतलेली माणसं चालणार, व्हायब्रेटरची सुई त्याला घासून जाणार. गोल पाईप हे सोसतो.

प्लास्टिकऐवजी तांब्याचा पाईप घातला तर भिंतीतला पाऊण अंश जवळजवळ संपूर्ण वाचतो, आणि उष्णता आठ-नऊ टक्क्यांनी वाढते. आकारापेक्षा हा फायदा कितीतरी मोठा. पण तांब्याचा भाव, सांधे आणि स्लॅबच्या आत सांधा गळण्याची धास्ती बघता बहुतेक ठिकाणी एकसंध, सांधा नसलेली प्लास्टिकची गुंडाळीच घातली जाते, आणि मला ते बरोबर वाटतं. स्लॅबच्या आतली गळती शोधण्यापेक्षा आठ टक्के सोडून दिलेले परवडले.

आकारात खरोखर काही कमवायचं असेल तर पाण्याचा मार्ग गोलच ठेवून बाहेरून धातूचे पंख लावावेत. पाईपखाली ॲल्युमिनियमची ८० मिलिमीटर रुंद पट्टी नीट चिकटून बसवली, तर तो २० चा पाईप काँक्रीटला ४० चा वाटतो. काँक्रीटमधला रोध एक-पंचमांशाने घटतो. मात्र ओल्या सिमेंटमधला अल्क ॲल्युमिनियम खातो, म्हणून स्लॅबमध्ये अशा पट्ट्या उघड्या टाकत नाहीत. लाकडी फरशीखाली किंवा कोरड्या बांधणीत त्यांचा उपयोग होतो. स्लॅबमध्ये थोडंफार हे काम आपल्या सळया आपोआप करतात. पोलादाची वाहकता काँक्रीटच्या तीसेक पट, आणि पाईप बांधलेला असतो तोही सळईलाच.

मग लक्ष द्यायचं कशाकडे? पाईपांमधल्या अंतराकडे. वरच्या उदाहरणात १५० मिलिमीटरऐवजी ३०० मिलिमीटरवर पाईप टाकले तर पाईप निम्मा लागतो, पण काँक्रीटचा रोध साठ टक्क्यांनी वाढतो, कारण मधल्या पट्ट्यातल्या उष्णतेला आडवं चालत यावं लागतं. उलट १५० चे १०० केले तर दीडपट पाईप घालून रोध जेमतेम सोळा टक्के घटतो. पाईप अगदी खेटून लावले तरी ६० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटचा रोध शिल्लक राहतोच. त्याच्या खाली कुणालाच जाता येत नाही. म्हणून १५० ते २०० मिलिमीटर हे अंतर जगभर रूढ झालं आहे.

इथे यवतमाळचं स्वतःचं एक कलम जोडायला हवं. काँक्रीटमध्ये सर्वांत मोठा वाटा गिट्टीचा, आणि आपल्या जिल्ह्याच्या बहुतेक भागात गिट्टी म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट. मजबुतीला त्याला तोड नाही. पण काँक्रीटच्या वाहकतेच्या तक्त्यांमध्ये बेसाल्टची गिट्टी खालच्या टोकाला असते. क्वार्ट्‌झाइटचं काँक्रीट त्याच्या दीडपटीहून जास्त उष्णता वाहतं, चुनखडीचंही त्याहून सरस. वणीकडे जमिनीखाली गोंडवन काळातले थर, कोळसा आणि चुनखडी आहे, म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन प्रकारचा दगड सापडतो. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की परदेशी पुस्तकातलं अंतर इथे जसंच्या तसं उचलू नये. काळ्या गिट्टीच्या स्लॅबमध्ये पाईप थोडे जवळ हवेत.

आकाराचा दुसरा अर्थही आहे: पाईपची खोलीभरची मांडणी. वरच्या हिशेबाने दहा बाय बाराच्या खोलीत सुमारे ७५ मीटरची एकच गुंडाळी बसते. ती नागमोडी टाकली, म्हणजे एका भिंतीपासून सुरुवात करून पुढे-मागे करत समोरच्या भिंतीपर्यंत नेली, तर पाणी वाटेत दोन-तीन अंश तापतं आणि खोलीची एक बाजू गार, दुसरी कोमट राहते. त्याऐवजी जाणारा आणि येणारा पाईप जोडीने गोल वेटोळ्यात फिरवले, तर सर्वांत गार आणि सर्वांत कोमट पाईप शेजारी-शेजारी येतात आणि छत सगळीकडे सारखं राहतं. पाईपची लांबी तीच, पाणी तेच, खर्च तोच. छेदाच्या आकारावर रात्री जागवणाऱ्या पोरांनी एक रात्र या वेटोळ्याला द्यावी.

आता थोडं दूर जाऊन याच गणिताचा महाकाय नमुना पाहू, कारण स्लॅबमधल्या पाईपांचं शास्त्र खऱ्या अर्थाने पिकलं ते घरांमध्ये नाही, धरणांमध्ये. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं. हूवर धरण पायथ्याशी दोनशे मीटर जाड. उष्णतेला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. अंतर दसपट, वेळ शंभरपट. ते धरण एकसंध ओतून आपोआप निवू दिलं असतं तर शंभराहून अधिक वर्षं लागली असती, आणि निवता निवता त्याला तडे गेले असते. म्हणून १९३१ साली ओरेगनमधल्या ओवायही धरणावर आधी चाचणी घेऊन अमेरिकी अभियंत्यांनी हूवरमध्ये इंचभर व्यासाचे पोलादी पाईप घातले, एकूण सुमारे ९३७ किलोमीटर. यवतमाळहून रेल्वेच्या रुळांशेजारी अंथरले असते तर मुंबईच्याही पुढे गेले असते. आधी नदीचं पाणी फिरवलं, मग यंत्राने गार केलेलं. काम झाल्यावर पाईपांमध्ये सिमेंटचा गाळ भरून ते कायमचे बंद केले. आणि ते पाईप होते गोल.

महाराष्ट्राने मोठ्या धरणांत उष्णतेशी वेगळ्या रीतीने व्यवहार केला. कोयनेत रबल काँक्रीट वापरलं, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठाले दगड बसवले. तेवढी सिमेंटची गरज घटली आणि सिमेंटबरोबर उष्णताही. पुढे घाटघरला रोलरने दाबलेलं काँक्रीट आलं. त्यात सिमेंटचा मोठा हिस्सा काढून औष्णिक केंद्रातली राख घातली होती. पाईपने उष्णता काढण्यापेक्षा ती निर्माणच कमी होऊ दिली. आपल्या जिल्ह्यातला इसापूर प्रकल्प मातीच्या भरावाचा, तिथे हा प्रश्नच आला नाही.

हाच क्रम आपल्या छताला लागू आहे, आणि माझं खरं म्हणणं इथे आहे. वरच्या उदाहरणातलं छत दर चौरस मीटरला पन्नासेक वॉट उष्णता उचलतं. दहा बाय बाराच्या खोलीला साडेपाचशे-पावणेसहाशे वॉट. एक टनाचा एसी साडेतीन हजार उचलतो. म्हणजे पाईपांचं छत एसीच्या जेमतेम सहाव्या हिश्शाचं काम करतं. दुसरीकडे उघड्या, करड्या स्लॅबवर मे महिन्यातलं ऊन पडलं की त्याच एका चौरस मीटरमधून खोलीत शंभर वॉटहून अधिक उष्णता उतरू शकते. छिद्र पडलेल्या टाकीत पाणी भरत बसण्यासारखा हा उद्योग होईल. उघडं काँक्रीट अंगावर पडलेल्या उन्हातला एक-तृतीयांशच भाग परत पाठवतं. ताजा चुना सुमारे तीन-चतुर्थांश पाठवतो. धुळीने आणि पावसाने तो दरवर्षी मळतो, हे मान्य. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा मारावा लागतो. तरी मजुरीसकट त्याचा खर्च पाईपच्या एका गुंडाळीच्या जवळपासही जात नाही. गच्चीवर मांडव घालून सावली केली तर त्याहून उत्तम. पाईप त्याच्यानंतर.

तो घालायचाच असेल तर सर्वांत वरच्या छतात त्याचं काम वेगळ्या तऱ्हेने योजता येतं. तिथे खोली गार करायची नसून वरून येणारी उष्णता अर्ध्या वाटेवर अडवायची असते. स्लॅब पंचेचाळीस अंशांवर असेल तर अठ्ठावीस अंशांचं पाणीही त्याला गारच. आणि अठ्ठावीस अंशांचं पाणी यवतमाळात मे महिन्यात चिलरशिवाय मिळतं. पारा ४३ वर आणि हवेतली आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या पृष्ठभागावरून वारा वाहू दिल्यास पाणी सैद्धांतिकदृष्ट्या पंचवीस अंशांच्या आसपास उतरू शकतं. विदर्भातला कूलर चालतो तो याच जोरावर. छोटा कूलिंग टॉवर हेच काम करतो, आणि त्यात खोलीची हवा दमट होत नाही.

पाण्याचं काय, हा प्रश्न ज्याने २०१८चा उन्हाळा यवतमाळात काढला त्याच्या मनात आधी येईल. निळोणा आणि चापडोहचे तलाव आटले होते आणि शहर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होतं. त्यामुळे आकडा सांगून टाकतो. एक किलोवॉट उष्णता आठ तास उचलायला सुमारे १२ लिटर पाणी वाफ होऊन जातं. पाईपमधलं पाणी बंद चक्रात फिरत राहतं, ते खर्च होत नाही. क्षार साचू नयेत म्हणून टॉवरमधलं थोडं पाणी अधूनमधून बदलावं लागतं, ते धरूनही घरातल्या कूलरच्या तुलनेत हा खर्च हलका आहे.

जुलै लागला की खेळाचे नियम पालटतात. हवा २७ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर चोवीस अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. तेव्हा छतातून अठराचं पाणी फिरवलं तर छत घामेजतं, रंग फुगतो, बुरशी धरते. हैदराबादच्या त्या इमारतीत कोरडी हवा वेगळी द्यावी लागली ती याचसाठी. घरात एवढी यंत्रणा परवडत नाही, म्हणून मृग लागला की पाणी बंद करणं हा सरळ उपाय. तोवर उन्हाचा जोरही ओसरलेला असतो.

आणि पंखा काढायचा नाही. साडेचार अंशांचा सर्वांत मोठा खर्च हवा आणि छत यांच्यातला आहे, हे वर आलंच. पंख्याने हवा छताला घासून फिरते आणि तो खर्च घटतो. साध्या पंख्याने मिळणारा हा फायदा पाईपच्या कुठल्याही आकारातून मिळणाऱ्या फायद्याहून मोठा आहे. फक्त त्या पंख्याचा हूक स्लॅब ओतायच्या आधीच सळईत अडकवून ठेवायला लागतो. पाईप बांधून झाले, त्यांत दाबाने पाणी भरून रात्रभर दाबमापकाचा काटा खाली येत नाही हे पाहिलं, की सेंट्रिंगवर उभं राहून टेप पसरून फोटो काढून घ्यावेत: कुठल्या भिंतीपासून किती अंतरावर कुठला पाईप. काँक्रीट ओतताना दाब तसाच ठेवावा, म्हणजे एखाद्या फावड्याने पाईप फाटला तर काटा लगेच पडतो आणि ओल्या काँक्रीटमध्येच दुरुस्ती होते. ते फोटो घराच्या खरेदीखताबरोबर ठेवले पाहिजेत. दहा वर्षांनी कुणीतरी झुंबर लावायला ड्रिल घेऊन येणारच आहे.